वाळूतला सात

शिरूरच्या आमच्या गल्लीत शेजाऱ्यांच्या घराचं बांधकाम निघालं आहे. आज सकाळी दारासमोर वाळूचा ट्रक रिकामा झाला. वाळू अजून ओली होती. शेवाळाचा, शिंपल्यांचा, नदीच्या पोटातला गार वास तिला येत होता. शेजाऱ्यांची नात ढिगावर चढून बोटानं आकडे काढत बसली. बघायला किती छान! पण माझ्या हातातला चहा निवत गेला. ओल्या वाळूत कुणी मूल आकडा काढताना दिसलं, की मी आधी पाणी कुठवर आलं ते बघते. गल्लीत कुठलं आलंय पाणी!

नव्वद सालानंतरची ती वर्षं. दौंड तालुक्यात, भीमेच्या काठच्या एका गावात मी बालवाडी चालवत असे. मी मूळची भित्री. विंचवाला भ्यायचे, मोकाट कुत्र्यांना भ्यायचे, तपासणीला येणाऱ्या मॅडमना तर सगळ्यांत जास्त. बालवाडीची पत्र्याची खोली फेब्रुवारीतच तापायची आणि पाट्या निम्म्या मुलांनाही पुरायच्या नाहीत. म्हणून उन्हं चढायच्या आत मी अठरा मुलांना घेऊन नदीच्या पात्रात उतरायचे. पाणी तेव्हा पार आटून एका कडेला गेलेलं असायचं. बाभळीच्या शेंगा दहा-दहाच्या रांगेत मांडायच्या, शिंपले मोजायचे, वाळूत काडीनं मोठा 'ग' काढून त्याच्या रेघेवरून पाय टाकत चालायचं. एवढी मोठी पाटी मला पुन्हा कधी मिळाली नाही.

प्रत्येक मुलाला मी एक आकडा दिला होता. काठ चढून आलो की हजेरी. एकापासून अठरापर्यंत ज्यानं त्यानं आपला आकडा ओरडायचा. सात मात्र कधी ऐकू यायचा नाही. सात आकड्याची ती पाच वर्षांची पोर घरी आईशी काय बोलायची तेवढंच. आमच्यात आली की ओठ मिटलेले. सहा झाला की मुलं सवयीनं क्षणभर थांबायची, ती मान हलवायची, मग आठवा ओरडायचा. सुरुवातीला मी तिच्याकडे बघून घ्यायचे. पुढे बघायचंही सोडलं. त्या क्षणभराच्या शांततेलाच मी सात समजू लागले.

त्या दिवशी पाण्याच्या कडेपासून काठाकडे ओळीनं अठरा आकडे काढले होते आणि जो तो आपल्या आकड्यावर उभा होता. खेळाचा नियम एकच, बाईंनी आपला आकडा पुकारल्याशिवाय जागा सोडायची नाही. मी वरच्या टोकाला शिंपले मोजून घेत होते, तेवढ्यात खालून आवाज आला, "बाई, माजा एक पुसला."

"पुन्हा काढ," मी वळूनही न बघता म्हणाले.

"बाई, दोन बी गेला!"

मी वळले. पाणी आवाज न करता, काडीकचरा पुढे ढकलत तिसऱ्याच्या पायाशी आलं होतं. वरच्या बंधाऱ्याचे पाणी अडवणारे ढापे काढले होते, हे नंतर कळलं. तेव्हा एवढंच दिसलं, की नदी आमचे आकडे मोजत वर येते आहे. "पळा! सगळे वर पळा!" दोन लहानग्यांना काखेत मारून मी काठ चढले. कडुनिंबाखाली धापा टाकत हजेरी घेतली. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. क्षणभर शांतता. आठ, नऊ, थेट अठरापर्यंत. सगळे आले! मी मटकन खाली बसले, हातही जोडले. तेवढ्यात आठवा मुलगा नदीकडे बोट दाखवून म्हणाला, "बाई, ती तिथंच हाय."

ती आपल्या सातावर उभी होती. पाणी गुडघ्यांवर, फ्रॉक तरंगत होता आणि नजर माझ्याकडे. तिचा आकडा मी पुकारला नव्हता. मी कशी उतरले, आठवत नाही; तिचा दंड हाताला लागला तेव्हा पाणी तिच्या छातीशी होतं. तिला उचलून काठावर येईपर्यंत मी तिच्या कानाशी वेड्यासारखी एकच ओरडत होते, "सात! सात! सात!"

दुसऱ्या दिवशी तिची आई हरभऱ्याची ओली जुडी घेऊन दारात उभी.

"बाई, पोरगी काल चुलीपुढं बसून सात, सात म्हनत हुती," ती हसत म्हणाली. "फ्रॉक भिजवून आली, पर भिजंना का! शिकली तर खरी. तुमचं लई उपकार झालं बघा."

काल खरं काय घडलं ते सांगावं, असं ओठांवर आलं. पण मी भ्याले. तिच्या रागाला भ्याले, गावाला भ्याले, बालवाडी जाईल याला भ्याले. हरभरा घेतला आणि मान हलवली, तिची लेक हलवायची तशीच.

ती आता कुठं तरी नांदत असेल, तिची मुलंही शाळेत जात असतील. पात्रातली वाळू ट्रकांनी कधीच उपसून नेली. माझ्यापाशी उरलं आहे ते सहा आणि आठ यांच्यामधलं तेवढं थांबणं. बाहेर ढिगावरच्या पोरीचा सहा काढून झाला होता. पुढचा आकडा आठवत ती गप्प राहिली. मी चहा तसाच ठेवून उठले आणि तिचा हात धरायला बाहेर गेले.