सहाव्या दिवसाचा कोरा कागद

हळदीची बोटं लागलेल्या कोऱ्या कागदाला एक ओलसर, मातकट, किंचित गोड वास येतो. नवजात बाळाच्या टाळूवरचं तेल, उंबऱ्याशी धुमसणारी शेणी आणि नुकतीच भिजवलेली हळद यांचा मिळून झालेला तो वास लिंबायत या गुजराती मुलखातल्या मागकामगारांच्या वस्तीत, आमच्या एका खोलीच्या घरात मी लहानपणापासून ओळखते. मूल जन्मलं की सहाव्या दिवशी पाटावर वरवंटा उभा करायचा, त्याला कुंकू लावायचं आणि समोर कोरा कागद नि पेन ठेवायचं. रात्री सटवाई येते आणि बाळाचं अवघं आयुष्य लिहून जाते. सकाळी कागद कोराच असतो. कोरा असतो म्हणूनच तो वाचता येत नाही, आणि वाचता येत नाही म्हणून त्याच्याशी वादही घालता येत नाही. किती बिनतोड व्यवस्था ही!

माझ्या वडिलांना कोरा कागद सहन होत नसे. सभांमधून, गिरणीच्या फाटकांवरून, कधी रस्त्यावरूनसुद्धा ते पत्रकं उचलून आणत. गुलाबी, पिवळी, बोटांना शाई लागणारी. बाराखडी मी त्या पत्रकांवर शिकले. ‘माणूस’ आणि ‘हक्क’ हे शब्द मला ‘कमळ’ आणि ‘बदक’ यांच्याआधी वाचता आले. वडील गेले, पत्रकांची चळत पत्र्याच्या पेटीत राहिली आणि त्यांचा ताठा माझ्या मानेत राहिला. गल्लीत मला ‘चोपडीवाली’ म्हणतात. त्या नावाचा मला कधीच राग आला नाही.

चौऱ्याण्णवच्या प्लेगच्या वेळी गावाकडे पळालेली माणसं परत येऊन दोनेक वर्षं झाली असतील. माझा भाऊ सुकदेव ज्या कारखान्यात काम करायचा, तिथे एका दुपारी शेजारच्या मागावरून शटल उडालं. लोखंडी टोकाचं ते वीतभर लाकूड, धाग्यातून इकडून तिकडे धावणारं, वाट चुकलं आणि त्याच्या डाव्या डोळ्यात शिरलं. डोळा गेला. मागापुढे तारेची एक साधी जाळी असती, तर शटल जाळीला आदळून खाली पडलं असतं. पण त्या कारखान्यात एकाही मागाला जाळी नव्हती.

मी शेठकडे गेले. ते दुष्ट गृहस्थ नव्हते. त्यांचे डोळे खरोखर पाणावले. "छठ्ठीना लेख मटे नहीं, बेन," ते म्हणाले. सहाव्या दिवसाचं लिहिलेलं पुसलं जात नाही! पाहा, प्रांत वेगळा, भाषा वेगळी, पण गरिबाच्या कपाळापाशी येताच सगळ्यांचा धर्म कसा एक होतो! त्यांच्या मागे कापडाचे गठ्ठे रचलेले होते. त्यांच्यावर ताडपत्री होती, खिडकीला जाड गज होते, दाराशी आग विझवायच्या वाळूच्या बादल्या ओळीनं टांगलेल्या होत्या. कापडाच्या बाबतीत शेठनी नशिबावर कधी हवाला ठेवला नव्हता. नियती फक्त कातडीसाठी असते काय? तागा भिजू नये म्हणून माणूस धावतो, आणि डोळा फुटला की हात जोडतो!

मी अर्ज लिहिला: प्रत्येक मागाला जाळी बसवा. आणि त्यावर कामगारांचे अंगठे घ्यायला दारोदार फिरले. सुकदेवच्या शेजारी माग चालवणाऱ्या काशिनाथकाकांनी अर्ज हातातसुद्धा घेतला नाही. "चोपड्या वाचीसन कोनं नशीब बदलनं शे का, पोरी?" मी म्हटलं, काका, प्लेग आला तेव्हा या शहराचं नशीब गटारात तुंबलं होतं ना? मग गटारं उपसल्यावर ते बदललं कसं? काका हसले. "चोपडीवालीसंगे कोन बोली!" असं म्हणून त्यांनी दार लोटलं. खुद्द सुकदेव पट्टीआडून म्हणाला, "एक डोया शे ना अजून. माग चलावाले तेवढा पुरस." पुढच्या महिन्यात तो त्याच मागावर उभा राहणार होता, तो एकच डोळा घेऊन. त्या उरलेल्या डोळ्यानं माझी झोप उडवली.

तशातच वहिनीला मुलगी झाली. सहाव्या दिवशी मायनं पाट मांडला, कागद ठेवला. आणि मी, पत्रकांवर वाढलेली, ढोंगाचा तिटकारा असलेली मी, पहाटे सगळे निजलेले असताना ते पेन उचललं आणि लिहिलं: ‘या मुलीच्या बापाच्या मागाला जाळी बसेल.’

चौथीपर्यंत शिकलेल्या वहिनीनं सकाळी ते वाचलं आणि ती किंचाळली. तासाभरात सगळी गल्ली आमच्या दाराशी. बायका कागदाला हात लावून तो कपाळाला लावत होत्या. काशिनाथकाका टोपी काढून उभे होते. "देवीनं लिखं शे," ते पुटपुटले, "मंग आपुन अंगठा देवाले काय जास? आन तो अर्ज."

तुम्ही माझ्या जागी असता तर? एक शब्द न बोलता सगळे अंगठे मिळत होते, जाळी मिळत होती, भावाचा डोळा वाचत होता. पण मला दिसलं की आज देवीच्या अक्षरावर उठलेला हा अंगठा उद्या देवीच्याच मौनापुढे खाली येईल. शेठ उद्या दुसरा कागद दाखवतील, त्याच्यापुढेही हे असेच वाकतील. वाकलेल्या पाठीला दिशा कोण देतं याला काय महत्त्व? पाठ तर वाकलेलीच!

"हे मी लिहिलंय," मी म्हटलं.

काकांनी टोपी घातली. "देवीना हात धराले निंघनी!" असं बोलून ते थुंकले आणि गेले. त्यांच्यामागे सगळेच गेले. सुकदेवनं भिंतीकडे तोंड फिरवलं.

माय मात्र बाळाला काजळ घालत बसली होती. "माले ठाव व्हतं," ती म्हणाली. "तुनं अक्षर मी वळखस. वाचता नही येत, पन दखता येस ना!" मग ती उठली, वडिलांची पेटी उघडली आणि पत्रकांच्या तळाशी जपलेला एक घडीचा कागद काढला. सुकदेवच्या सहाव्या दिवसाचा. हळदीचे डाग तपकिरी पडलेले. तिनं तो उजेडात धरला, उलटला, पुन्हा उलटला. "ह्या आंगे बी कोरं, त्या आंगे बी कोरं. मंग मना पोऱ्याना डोया जाई, हाई कोठे लिखेल शे?"

आणि काजळानं माखलेला अंगठा तिनं माझ्या अर्जावर दाबला.

मायचा तो प्रश्न आणि तो अंगठा दुपारपर्यंत गल्लीभर झाला होता. संध्याकाळी काशिनाथकाका दारात आले. आत आले नाहीत, तिथूनच म्हणाले, "तुनी माय काय माग चलावस का? तिना अंगठा शेठ काय करी? सरक. माले काजय दे." त्यांच्यामागे आणखी चौघे होते. सगळे आले नाहीत. पुष्कळांनी त्यानंतरही माझ्याकडे पाहून तोंड फिरवलं. पण अर्ज शेठच्या हातात पडला, आणि सुकदेव कामावर गेला त्या दिवशी त्याच्या रांगेला जाळी होती. बाकीच्या रांगांसाठी आम्ही अजून भांडतो आहोत.

अंगठे पडले त्याच रात्री मायनं मी लिहिलेला तो कागद चुलीत घातला. खोटं घरात नको, म्हणाली. मग माझ्या वहीतलं एक पान मागून घेतलं, त्याला हळदीची बोटं लावली आणि नातीच्या नावानं घडी घालून पेटीत ठेवलं. मी पेटी लावायला वाकले. तोच ओलसर, गोड वास आला. इतकी वर्षं तो मला गुलामीचा वास वाटत आला होता. त्या रात्री तो फक्त हळदीचा होता.

"थांब," माय म्हणाली. "पेन बी ठेव पेटीना मजार. तिले लागी."