कोठीतल्या टिकड्या

ऐंशीच्या सुमारास नाचणगावला आमच्या सासरी भात म्हणजे पाहुण्यांचं जेवण. रोज आपली ज्वारीची भाकर. त्यामुळे भंडाऱ्याकडून आलेलं तांदळाचं पोतं वर्षभर पुरायचं, आणि त्याला कीड लागू नये म्हणून सासरे कोठीत पाऱ्याच्या टिकड्या टाकायचे. दुकानात त्या सर्रास मिळत. सासरे रिटायर्ड हेडमास्तर. गावात कुणाचंही पत्र आलं की वाचून दाखवायला हेच पुढे, पण डबीवरचं 'शिजवण्यापूर्वी काढून टाका' तेवढं त्यांना कधी दिसलं नाही.

माझी पहिली लेक सहा महिन्यांची झाली, उष्टावण ठरलं. पाहुणे जमले. मी तांदूळ काढायला गेले तर टिकड्या फुटून भुगा झालेला, दाणे करडे पडलेले.

मी सरळ सांगितलं, "हा भात मी पोरीले चारत नाई."

"चार पाण्यानं धुवून टाक ना," सासूबाई म्हणाल्या.

सासरे ओसरीवरून गरजले, "पारा म्हणजे औषध आहे औषध! मोठमोठे वैद्य देतात. चार बुकं शिकली त मले शिकवून राह्यली काय?"

झालं, माझं डोकंच फिरलं. कोठीतली एक साबूत टिकडी वाटीत घातली आणि नेऊन त्यांच्यापुढे ठेवली.

"घ्या मामाजी, औषध. तुम्ही खाल्लं की मी पोरीले चारते."

हेडमास्तरांनी वाटी दूर सारली. मग घसा खाकरून म्हणाले, "माही प्रकृती उष्ण आहे. मले सोसत नाई."

अहाहा, काय ती प्रकृती! उष्टावण शेजारून मागून आणलेल्या तांदळावर पार पडलं.

पुढचे आठ दिवस मी घरात मान ताठ करून फिरले. मग सासूबाईंनी कोठी रिकामी करायला काढली. पण अन्न फेकायचं कसं? पाप लागतं! म्हणून आमच्या वावरात निंदायला येणाऱ्या बाईला बोलावलं. तिच्या कडेवर पोरगी, माझ्या पोरीएवढीच.

"घेऊन जाय. धुवून घेजो," सासूबाई म्हणाल्या.

तिनं पदर पसरला. तांदूळ ओतणारी मीच. सासऱ्यांपुढे चुरूचुरू चालणारी माझी जीभ तेव्हा जागची हलली नाही. पुन्हा घरात कटकट कशाला, एवढंच मनात आलं. लाज वाटते सांगायला, पण खरं तेच आहे.

"हिनं अजून भात पाह्यलाच नाई, बाई," ती हरखून म्हणाली आणि माझ्या लेकीला तोंडभर आशीर्वाद देऊन गेली.