अहल्याताईंनी निवडलेली वाइन

अहल्याताई दोन वर्षं फ्रान्सला राहून आल्या, ही गोष्ट बडोद्यातल्या त्यांच्या नातेवाइकांनी कधी मनातून काढली नाही. शिष्यवृत्तीवर अन्नशास्त्र शिकायला गेल्या होत्या. राहायची सोय द्राक्षमळेवाल्या कुटुंबात झाली, तिथे जेवणाबरोबर वाइन असायचीच. परत येऊन युनिव्हर्सिटीत शिकवू लागल्या, सयाजीगंजात एकट्या राहिल्या, लग्न केलं नाही. मग काय, लग्नकार्यात बायका एकमेकींच्या कानाला लागायच्या, "पितात म्हणे." ताईंनी इथे आल्यावर थेंबालाही हात लावला नव्हता. पण सांगणार कुणाला? त्यांच्या बाजूने बोलणारा एकच होता, धाकटा भाऊ तुकोजीराव. "माझ्या ताईबद्दल माझ्यासमोर बोलायचं नाही," असं त्याने भर पंगतीत मामांना सुनावलं होतं.

म्हणून गोविंदच्या, म्हणजे तुकोजीरावाच्या मुलाच्या लग्नाच्या वेळी तुकोजीराव मदत मागायला आला, तेव्हा ताईंना भरून आलं. सून अमेरिकेत वाढलेली, तिकडचे पाहुणे येणार. डभोई रस्त्यावरच्या शेतावर दुपारचं जेवण ठेवलं होतं आणि गुजरातेत दारूबंदी असूनही त्याला त्यात वाइन हवी होती.

"परवान्याचं मी बघितलंय," तो म्हणाला. "निवड तुझी. यातलं आपल्या घरात तुझ्याइतकं कुणाला कळतं?"

इतकी वर्षं जी गोष्ट लपवल्यासारखी वागवली गेली, ती आज कुणीतरी मानाने विचारत होतं. तुकोजीरावाची जीप घेऊन ताई भावजयीबरोबर, लताबरोबर, दारूबंदी नसलेल्या दमणला गेल्या. दुकानदार उन्हात मांडलेल्या बाटल्या पुढे करू लागला. त्या नको म्हणाल्या, आतल्या अंधारातल्या काढायला लावल्या. तीन-चार प्रकारच्या एकेक बाटल्या घेऊन लॉजवर चव घेतली. एक गोडमिट्ट, ती बाजूला ठेवली. एकीला आंबूस वास येत होता. शेवटी मटणाबरोबर चालेल अशी तांबडी आणि पापलेटाला शोभेल अशी हलकी पांढरी पसंत केली. लतानेही एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. दोघी पोट धरून हसल्या.

जेवणाच्या दिवशी पहिली पंगत बसते न बसते तोच पोलीस आले. कुणीतरी खबर दिली होती. इन्स्पेक्टर सभ्यपणे बोलत होता. त्याने परवाना मागितला. ताईंनी भावाकडे पाहिलं.

तुकोजीराव त्यांच्याकडे न बघता गुजरातीत म्हणाला, "ए तो बहेननुं छे. एमने फ्रान्सथी टेव छे. अमे कोई लेता नथी."

हे ताईंचं, फ्रान्सपासून त्यांना सवय, आम्ही कुणी घेत नाही. तेही मराठीत नाही, सगळ्या मांडवाला कळावं अशा भाषेत. लता खाली मान घालून उभी राहिली. मांडवात कुणालाच नवल वाटलं नाही, आणि ताईंना तेच जास्त लागलं.

नव्या सुनेचा चेहरा पांढराफटक पडलेला पाहून त्या एवढंच म्हणाल्या, "निवडली मीच," आणि पोलिसांबरोबर गेल्या. भाऊ मागोमाग येईल, एकांतात सगळं निस्तरेल, असं त्यांना संध्याकाळपर्यंत वाटत राहिलं. जामीन द्यायला आली ती त्यांच्याबरोबर शिकवणारी चारुलता.

पुढच्या आठवड्यात लता निरोप घेऊन आली. सध्या ताईंनी सांभाळून घ्यावं, यांची कंत्राटं सरकारी आहेत, ताईंच्या मागे कोण आहे, त्यांचं काय जाणार?

"पण परवाना काढला होता ना?" ताईंनी विचारलं.

लताने पदर डोळ्यांना लावला. मग रडत म्हणाली, "अर्जच केला नव्हता. मिळणारच नव्हता. हे आधीच म्हणाले होते, काही झालं तर ताईंचं नाव लोकांना लगेच पटेल."

ताई तिला दारापर्यंत सोडायला गेल्या नाहीत.

भावाचं घर वाचावं म्हणून गप्प राहायचं त्यांनी ठरवलं होतं. ते त्यांनी सोडून दिलं. वकिलाला घेऊन पोलीस ठाण्यात गेल्या आणि दमणपासूनचं सगळं सांगितलं. जीप त्याची, शेत त्याचं. तुकोजीरावाचंही नाव खटल्यात आलं. वर्षानुवर्षं तारखा पडल्या, शेवटी दोघांनाही दंड होऊन ते मिटलं. नातेवाईक म्हणाले, सख्ख्या भावाला कोर्टात खेचणारी बहीण पाहिली नव्हती. वर्गात मागच्या बाकांवरून हसू यायचं. ताई ते थांबेपर्यंत खडू हातात धरून उभ्या राहायच्या आणि मग पुढे शिकवायच्या. भाऊबीजेला दार बंद ठेवून चारुलताकडे जायच्या.

पुढे पाणीगेटजवळ एका नात्यातल्या लग्नात दोघं समोरासमोर आले. तुकोजीराव थकला होता, केस पिकले होते. सगळ्यांदेखत तो वाकला, "ताई" म्हणाला. तो काही फार वाईट माणूस नव्हता, हे ताईंना अजूनही ठाऊक होतं. पण त्याचा हात पोचायच्या आत त्यांनी पाय मागे घेतले, आणि त्या नवरीला भेटायला आत गेल्या.