जरबेराने मान का टाकली

आमच्या गल्लीच्या तोंडाशी फुलांचे दुकान चालवणाऱ्या बाईंना सगळेच ‘वहिनी’ म्हणतात. कारण दुकानात हाताखाली असलेला त्यांचा धाकटा दीर तशी हाक मारतो. वहिनींचा विश्वास फक्त स्वतःच्या डोळ्यांवर, आणि तोही चष्मा पुसल्यावर.

मध्यंतरी संध्याकाळी ताठ असलेला जरबेरा सकाळी मान टाकलेला सापडू लागला. गुलाबाचा दांडा लाकडी, तो उभाच राहतो. जरबेराचा दांडा पोकळ आणि मऊ. त्याच्या पेशींत भरलेले पाणी आतून दाब देते, तोच त्याचा कणा. पाणी उतरले की मान गेलीच. वहिनींनी दांड्यांना प्लॅस्टिकच्या नळ्या चढवल्या, तर फुले मागवणाऱ्या एका सभागृहाच्या व्यवस्थापकाने ती परत पाठवली. वर निरोप : “कुबड्या घेतलेली फुलं नकोत.”

बादल्या भरण्याचे काम दिराचे. त्यातच तो पलीकडच्या फुलवाल्याशी हसून बोलताना दिसला होता. वहिनींच्या मनात पाल चुकचुकली. तो नळाशी गेला की त्यांची कात्री थांबे. तो परत आला की त्या त्याचे हात निरखीत.

एका सकाळी गुच्छ बांधताना दोरा बादलीत पडला. वहिनींनी तो उचलून सवयीने दातांनी तोडला, आणि त्यांची जीभ थबकली. दोरा खारट होता. खाऱ्या पाण्यात दांड्याला पाणी मिळणे दूरच; त्याच्या पेशींतले होते तेही ओढले जाते.

“भाऊजी, खाल्ल्या मिठाला चांगले जागलात हो!”

“म्हणजे? मी नुसतं नळाचं पाणी भरतो, वहिनी.”

“मग मीठ काय नळाला आलं? किल्ली ठेवा, आणि जा त्या पलीकडच्याकडे.”

त्याने दुकानाची किल्ली गल्ल्यावर ठेवली.

तोच मागच्या खोलीतून सासूबाई म्हणाल्या, “अगं, त्याला कशाला झापतेस? झोपण्याआधी मूठभर मीच टाकते. मिठात सगळं टिकतं, मग फुलं तेवढी नाही टिकणार?”

वहिनींनी किल्ली पुढे सरकवली. “घ्या भाऊजी. चुकलं माझं.”

त्याने ती घेतली. पण लगेच नाही.

आता प्रत्येक बादली भरली की तो ती आधी वहिनींपुढे आणून ठेवतो. “चाखा वहिनी. मागाहून भांडण नको.” वहिनी ओशाळून हसतात, पण मागच्या खोलीच्या दाराकडे एक नजर टाकून बोट बुडवतात, आणि चाखतातच.