ओतलेला माठ

ऑफिसच्या बडेबाबूंनी माझ्यासमोर भरलेला माठ मोरीत ओतला. मग शिपायाला म्हणाले, "घासून भर गा."

एका कारकुनाचा निरोप समारंभ होता. शिपाई खुर्च्या लावत होता, म्हणून पाहुण्यांना पाणी मी दिलं. माझं काम झाडू-पोछ्याचं. मी माठाला हात लावायचा नाही, असं कुठे लिहिलेलं नव्हतं. सगळ्यांना माहीत होतं.

"काहून ओतलं?" मी विचारलं.

"पाणी खराब झालं."

"कशानं?"

ते हसले. खोलीत चौदा माणसं. दोघे माझ्याच वस्तीतले. त्यांनी समोशाकडे पाहिलं.

भिंतीवर संविधानाच्या उद्देशिकेची तसबीर होती. दर सोमवारी मीच पुसायची. मी तिकडे बोट दाखवलं.

"ते दिल्लीचं," बडेबाबू म्हणाले. "हे राज्य शासनाचं ऑफिस. इथं जीआर चालते. अन तू तर आमची बी नाही. एजन्सीची आहे वं."

आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली. घरात संविधानाची प्रत होती. आम्ही तिला हार घालायचो, उघडत नव्हतो. त्या दिवशी हुडकेश्वरला घरी येऊन उघडली. मूलभूत हक्क कोणाला बांधतात, ते कलम बारामध्ये आहे. केंद्र सरकार. प्रत्येक राज्याचं सरकार. स्थानिक संस्था. कलम सतरा अस्पृश्यता बंद करतं. त्यात दिल्ली नाही, एजन्सी नाही. कोणालाच सूट नाही.

दोन्ही कलमं लिहून ऑफिसच्या साहेबांकडे अर्ज दिला. उत्तर एका ओळीचं आलं: अर्जदार या कार्यालयाची कर्मचारी नाही, सबब अर्ज निकाली. पोलीस ठाण्यात गेले, तर त्यांनी साक्षीदार मागितले. चौदापैकी एकही आला नाही.

एजन्सीच्या सुपरवायझरचा फोन आला. "ताई, अर्ज मागे घ्या. नाहीतर सोमवारपासून येऊ नका."

मी अर्ज मागे घेतला नाही. सोमवारी माझ्या जागी दुसरी बाई होती. आमच्यातलीच. ती तसबीर पुसत होती.

आज तोच अर्ज घेऊन, आलेले कागद नोंदवतात त्या आवकच्या खिडकीशी उभी आहे. पाचव्यांदा. आत बसलेला बाबू वस्तीतल्या त्या दोघांपैकी एक.

"काहून तरास करून घेऊन राहिली?" तो हळू म्हणतो. "काई होत नाही."

"माहीत आहे मले. शिक्का मार."

तो इकडेतिकडे पाहतो. जेवणाची सुट्टी झाली म्हणतो. खिडकी लावतो.

मी हलत नाही. काही होणार नाही, हे मला त्याच्याइतकंच कळतं. पण शिक्का बसला, की पाणी का ओतलं, हे सरकारला स्वतःच्या कागदावर लिहावं लागेल. तोवर ही खिडकी उघडली की समोर मी असेन.