सात वेळा धुतलेले हात

कोलशेतच्या त्या सोसायटीत संचिताची कीर्ती पसरली ती बाळंतपणानंतर तिसऱ्या आठवड्यात. पसरवली तिच्या सासूने, हौसाबाईंनी. "आमची सून बाळाला हात लावायच्या आधी सात वेळा हात धुते, मोजून!" हे त्या लिफ्टमध्ये सांगत, भाजीवाल्यापाशी सांगत, न विचारता सांगत. बायका भारावून जात. सी विंगमधली भावना तर आपल्या जावेला शिकायला पाठवणार होती. सुनेचं कौतुक करायचा योग हौसाबाईंना आयुष्यात पहिल्यांदाच आला होता आणि तो त्यांनी पुरेपूर वसूल केला.

सातच का, हे मात्र कुणी विचारलं नाही. मोजताना मध्येच कुणी हाक मारली की संचिता परत एकपासून सुरू करायची. आत बाळ भुकेनं किंचाळतंय आणि ही नळापाशी, पाचवर. नवरा सुशांत तसा समजूतदार. त्यानं बायकोची अडचण ओळखली आणि हॅण्डवॉशचा पाच लिटरचा कॅन मागवला. मग आपल्या वाटणीचं बाळंतपण उरकल्याच्या समाधानात तो लॅपटॉपसमोर जाऊन बसला.

धुण्यामागचं खरं कारण संचितानं कुणाला सांगितलं नव्हतं. बाळाला उचललं की तिच्या डोळ्यांपुढे यायचं, आपल्याच हातून ते बाल्कनीतून खाली पडतंय. अकराव्या मजल्यावरून. आंघोळीचं पाणी दिसलं की त्यात बाळ बुडालेलं दिसायचं. असं दिसतं म्हणून तिला स्वतःची किळस यायची, आणि जितकी किळस यायची तितकं ते जास्त दिसायचं. सात वेळा हात धुतले की दहा मिनिटं सुटका. तेवढ्यात ती बाळाला पाजून घेई आणि घाईघाईनं खाली ठेवी.

आंघोळीपुरती मालीशवाली कलावतीबाई होती. पण तिचं काम तीन महिन्यांचंच ठरलेलं. त्यानंतर बाळाला पायावर घ्यायचं ते आईनंच. त्या दिवसाला किती उरले, हे संचिता रोज कॅलेंडरवर मोजायची.

एका दुपारी न राहवून तिनं सासूला सगळं सांगितलं. हौसाबाईंनी आधी खिडकी लावली. "असलं बोलू नये गं. सी विंगला ऐकू जाईल." मग दोघा मायलेकरांवरून मीठ-मोहऱ्या आणि मिरच्या उतरवून तव्यावर टाकल्या. असा ठसका उठला की धुरानं अलार्म वाजायला लागला आणि वॉचमन अकरा मजले धावत वर आला. "बघितलंस, केवढी नजर होती!" हौसाबाई खोकत म्हणाल्या. नजर उतरली म्हणून घरानं सुटकेचा निःश्वास टाकला. संचिता उठून नळाकडे गेली.

दुसऱ्या दिवशी कलावतीबाईनं तेलाची वाटी घेता घेता तिचा हात धरला. "ताई, सालं निघाली हाताची. हे काय बरं दिसत न्हाय. डोंबिवलीला एक पोरगी होती माझ्याकडं, अशीच बाळाजवळ जायची न्हाय. लोक म्हनले, आईला माया न्हाय. अवो, माया होती. भीती जास्ती होती. नौपाड्यात डॉक्टरीण हाय, तिनं सुधारली. चला, मी येते संगं."

त्या डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं, खिडकी न लावता. "ज्या आईला या विचारांनी घाम फुटतो, तिला ते करायचं नसतं म्हणूनच फुटतो. हा ओसीडी आहे, नको ते विचार मनात अडकून बसण्याचा आजार. बाळंतपणानंतर होतो बऱ्याच जणींना, बराही होतो." संचिता तिथेच, खुर्चीत, पोटभर रडली. अंगावर पाजत असताना चालेल अशी गोळी मिळाली आणि घरचा अभ्यास मिळाला: हात एकदाच धुवायचे, बाळाला घ्यायचं, दिसेल ते दिसू द्यायचं, उठायचं नाही. सोसायटीत हौसाबाईंनी सांगितलं, सून स्किनवाल्याकडे जाते.

अभ्यास सोपा नव्हता. कधी सातवरून चारवर, कधी चारवरून परत सातवर. पण दोन महिन्यांनी ती एकवर आली.

कलावतीबाईच्या शेवटच्या दिवशी पाटावर संचिता बसली, पाय लांब करून. कलावतीबाईनं बाळ तिच्या पायांवर पालथं ठेवलं आणि स्वतः हात मागे बांधून उभी राहिली. दारात हौसाबाई.

"एकदाच धुतलेस? अगं, सात वेळा धू ना! मी सगळ्यांना सांगून बसलेय!"

संचितानं तांब्या उचलला. पाण्यात बाळ बुडालेलं दिसलंच. तिनं ते दिसू दिलं आणि पाणी ओतलं. दुसरा तांब्या ओतला. बाळ पायांवर निवांत होतं. इतकं निवांत की त्यानं पोटाखाली धरलेल्या आईच्या हातावर शू केली.

"हात!" हौसाबाई किंचाळल्या. "हात धू आधी!"

संचितानं हाताकडे पाहिलं. मग त्याच हातानं साबण घेतला आणि बाळाच्या पाठीला लावला.

"आई," ती म्हणाली, "दार लावून घ्या बाहेरून. बाळाला वारा लागतोय."