माझा रिपोर्ट मला वाचू द्या

माझा आजार सगळ्यात आधी कळला तो आमच्या चौकातल्या ऑनलाइन सेंटरवाल्याला. डॉक्टरला नंतर कळला.

मी दारव्ह्याला भाऊ-वहिनींसोबत राहते. शाळेत इतिहास शिकवते. मला जन्मापासून दिसत नाही. पन्नाशी उलटली, पाळी बंद होऊनही काही वर्षं झाली, आणि एका हिवाळ्यात अचानक पुन्हा रक्त जाऊ लागलं. हे लक्षण बरं नाही, एवढं कोणत्याही बाईला कळतं. ज्या सरकारी दवाखान्यात मी गेले त्याचं नाव इथं लिहीत नाही, कारण एकट्या त्याचाच हा दोष आहे असं मला वाटत नाही. तिथं खिडकीवरचा माणूस मान वर न करता म्हणाला, "नंबर आता वेबसाइटवरूनच." मान वर केली नाही हे मला कसं कळलं? आवाज टेबलावर आपटून येत होता.

ऑनलाइनची मला भीती नाही. माझा मोबाइल बोलतो. पडद्यावर बोट फिरवलं की तिथं जे लिहिलं असेल ते तो वाचून दाखवतो. बँकेचे व्यवहार, एसटीचं रिझर्वेशन, मुलांचे मार्क भरणं, सगळं मी त्याच्यावरच करते. त्यामुळे शाळा सुटल्यावर मी निर्धास्तपणे बसले आणि आरोग्य सेवेची ती वेबसाइट उघडली.

"चित्र," मोबाइल म्हणाला. "चित्र. लिंक. लेबल नसलेलं बटण. लेबल नसलेलं बटण. चित्र."

पाटी नसलेल्या खोल्यांच्या इमारतीत सोडल्यासारखं झालं. अंदाजानं एक बटण दाबलं तर कुणाचं तरी शुभेच्छांचं भाषण सुरू झालं. दुसरं दाबलं तर होतं ते पानही गेलं. बऱ्याच वेळानं फॉर्म सापडला. नाव, वय, गाव भरत शेवटापर्यंत गेले. तिथं आलं, "चित्रातली अक्षरं खालच्या चौकटीत लिहा." वर बोट नेलं. "चित्र," मोबाइल म्हणाला.

वहिनीला हाक मारली. तिला मराठी वाचता येतं, पण ही अक्षरं इंग्रजी आणि मुद्दाम वाकडीतिकडी केलेली. ती डोळे जवळ नेऊन म्हणाली, "हे काय वो ताई, कोन्या पोट्टीनं गिरगोटून ठेवलं हाय?" तिनं एकेक अक्षर सांगायला सुरुवात केली तोवर वेळ संपला आणि भरलेला सगळा फॉर्म कोरा झाला.

म्हणून सेंटरवर गेले. बाजाराचा दिवस, दुकानात गर्दी. माझ्या मागं एका विद्यार्थ्याचे वडील उभे होते, त्यांनी नमस्कार केला म्हणून कळलं.

"काय त्रास हाय म्हणून लिहू, मॅडम?"

"पोटाचा."

"पोटाचा म्हंजे? इथं यादी येते, त्यातलंच निवडा लागते. वाचू काय?" आणि तो वाचायला लागला. अपचन, मूळव्याध, पांढरं जाणं… बाईच्या अंगाचं जे जे दुखतं ते ते, भर दुकानात. त्याला थांबवायला मला स्वतःच ते सांगावं लागलं. तो वाईट माणूस नव्हता. त्यानं आवाज खाली केला, पैसे घ्यायलाही नको म्हणाला. पण मला त्या घटकेला कुणाची दया नको होती. मला फक्त एक फॉर्म भरायचा होता.

तपासणी झाली. गर्भपिशवीतला नमुना काढून पुढं पाठवला. "रिपोर्ट वेबसाइटवर येईल," तिथल्या नर्सनं सांगितलं. आला. उघडला. "चित्र."

इंग्रजी कागदाचा फोटो काढून चढवलेला, म्हणजे वहिनीलाही न वाचता येणारा, आणि भावाला हे वाचायला लावायची माझी तयारी नव्हती. त्या फोटोत माझ्या पिशवीत कॅन्सर आहे की नाही ते लिहिलेलं होतं, आणि माझा मोबाइल मला एकच शब्द सांगत होता. डॉक्टरची पुढची तारीख लांब होती. वहिनी म्हणाली, "चला, सेंटरवाल्याले दाखवू." मी म्हणाले, "मरून जाईन, पण त्या दुकानात हे वाचून घेणार नाही." ती उठली. मग म्हणाली, "मरायची भाषा कायले करता?" आणि आत जाऊन उगाच भांडी घासू लागली.

दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि एसटीनं आरोग्य खात्याच्या ऑफिसात गेले. तिथले साहेब सौजन्यानं बोलले. ते सौजन्य अजून आठवतं आणि अजून संताप येतो.

"मॅडम, तुम्ही एकट्या कशाला त्रास घेता? सोबत कुणाला तरी आणायचं."

"साहेब, तुमचा रिपोर्ट तुमच्या शेजाऱ्यानं वाचून दाखवलेला चालेल तुम्हाला?"

"तसं नाही हो. पण अशा किती लोकांसाठी आम्ही वेबसाइट बदलणार?"

अशा. मी वर्गात हा शब्द ऐकला असता तर पोराला उभं केलं असतं.

"बरं, आणा इकडं, मी वाचतो," ते म्हणाले. मी काही बोलायच्या आत मोबाइल माझ्या हातातून गेला होता, आणि ते खणखणीत आवाजात माझं नाव, वय, 'गर्भाशयाच्या आतील…' असं मराठी करून वाचू लागले. दोन टेबलांवरची टाइपिंगची खडखड थांबली. मी हात पुढं करून मोबाइल ओढून घेतला. त्यांना राग आला. "मदत करायला गेलं तर असं!" म्हणाले. मी तिथंच बसून तक्रार सांगितली, क्लार्ककडून टाइप करून घेतली, पोच घेतली, आणि परत आले.

पुढं तारखेला डॉक्टरबाईंनी दार लावून घेतलं आणि सांगितलं की कॅन्सर नाही, साधं मांस वाढलं होतं, ते काढून टाकलंय. वहिनी बाहेर येऊन रडली. मला रडू आलं नाही. ही बातमी कितीतरी दिवस माझ्या पर्समधल्या मोबाइलात पडून होती. ते दिवस मी ज्या भीतीत काढले, ती भीती आजारानं दिली नव्हती.

तक्रारीचं उत्तर आलं ते आमंत्रणाच्या रूपात. वेबसाइट आता 'दिव्यांगस्नेही' झाली आहे, तिच्या उद्घाटनाला आपण मंचावर असावं. मी गेले. हॉल भरलेला. पाहुण्यांचं भाषण झालं, 'दिव्य दृष्टी' हा शब्द आलाच. मग मला माइक दिला, दोन शब्द बोला म्हणून. मी एका हातानं मोबाइल काढला, आवाज मोठा केला, वेबसाइट उघडली आणि मोबाइल माइकला लावला.

"चित्र," साऱ्या हॉलमध्ये घुमलं. "चित्र. लेबल नसलेलं बटण. लेबल नसलेलं बटण."

आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

मला आधी कळेचना. मग कळलं. मोबाइल बोलला ना! लोकांना वाटलं, हीच ती सोय. आंधळ्या बाईसाठी मोबाइल बोलतोय, किती प्रगती! मंचावर मी नेहमी पुस्तकी मराठी बोलते. त्या दिवशी घरातली तोंडी आली.

"टाळ्या कायले वाजवून राह्यले? हा मोबाइल सांगून राह्यला का इथं काहीच लिहेल नाई. तुमी जे केलं ते मले दिसत नाई, आन् मले दिसत नाई म्हनूनच तर तुमी केलं ना हे?"

टाळ्या बंद झाल्या. निवेदकानं घाईघाईनं माझे आभार मानले. माझ्या खांद्यावर शाल पडली, हातात नारळ आला, आणि फोटो काढणाऱ्यानं मला "इकडं बघा" असं सांगितलं.

चहाच्या वेळी एक बाई जवळ आली. आवाज तिशीतला, नागपूरकडचा. "वेबसाइट मीच बनवलीय," म्हणाली. तिनं काय काय केलं ते सांगितलं. कोपऱ्यात व्हीलचेअरचं चित्र, अक्षरं मोठी करायची सोय, रंग बदलायची सोय.

मी माझा मोबाइल तिच्या हातात दिला. पडदा काळा करून, नुसता आवाज चालू ठेवून दिला. "घ्या. माझा नंबर लावून दाखवा."

तिनं प्रयत्न केला. बराच वेळ केला. तिनंच बनवलेल्या पानावर तिला नंबर लावायचं बटण सापडत नव्हतं. "मॅडम, हे मला आजवर कुणी ऐकवलंच नाही," ती शेवटी म्हणाली.

"कामाच्या करारात नव्हतं?"

"एक ओळ होती. 'दिव्यांगस्नेही असावी.' बस."

ती खोटं बोलली नाही, म्हणून मी तिला माझा नंबर दिला. पुढं ती दुपारच्या सुट्टीत फोन करायची. स्वतःच्या मोबाइलवर तो बोलणारा आवाज चालू करून शिकली. वाकडी अक्षरं काढून तिथं मोबाइलवर येणारा ओटीपी ठेवला. बटणांना नावं दिली. रिपोर्ट फोटोऐवजी वाचता येईल असा चढवायला लावला. एकदा मी तिला विचारलं, "एका बटणाला नाव द्यायला किती वेळ लागतो?"

"मॅडम, मिनिटसुद्धा नाही."

या सगळ्या प्रकरणात मला सगळ्यात जास्त राग त्या उत्तराचा आला. तिचा नव्हे, उत्तराचा.

पुढच्या तपासणीचा रिपोर्ट मी शाळेच्या मैदानाच्या कडेला, कानात इअरफोन घालून ऐकला. पोरं कबड्डी खेळत होती. सगळं ठीक होतं. मोबाइलनं मला तारखेपासून डॉक्टरच्या पदवीपर्यंत सगळं वाचून दाखवलं, आणि मी ते दोनदा ऐकलं.

उद्घाटनातला माझा व्हिडिओ कुणीतरी पसरवला होता. तो पाहून राळेगावच्या एका शिंप्याचा मेसेज आला. त्यांना ऐकू येत नाही. 'व्हिडिओच्या खाली कोणीतरी तुमचं बोलणं लिहिलं होतं म्हणून समजलं. वेबसाइटवर अडचण आली तर हेल्पलाइनला फोन करा म्हणतात. मी फोन कसा करू?'

आम्ही एकत्र आरोग्य खात्याच्या त्याच ऑफिसात जायचं ठरवलं. एसटी स्टँडवर भेटलो. ते टाइप करत, माझा मोबाइल वाचून दाखवी. मी बोले, त्यांचा मोबाइल लिहून दाखवी. माझं 'मले' त्यांच्या मोबाइलला कळत नव्हतं, काहीतरी भलतंच लिहिलं जाई आणि ते हसत, म्हणून मी पुस्तकी बोलू लागले. चहा होईपर्यंत मला त्यांच्या मुलीच्या लग्नाचं ठिकाण, शिलाई मशीनचा त्रास, सगळं कळलं होतं.

साहेब तेच होते. त्यांनी मला विचारलं, "यांना काय पाहिजे?" मी म्हणाले, "त्यांनाच विचारा, लिहून." तर त्यांनी कागद घेतला आणि शिंपीदादांना लिहून विचारलं, "मॅडमना कुणी घेऊन आलंय का?"

दादांनी तो प्रश्न मला टाइप करून पाठवला. माझ्या मोबाइलनं तो त्या खोलीत मोठ्यानं वाचला. साहेब खुर्चीत हलल्याचा आवाज आला.

मेसेज करता येईल असा नंबर आता सुरू झाला आहे. वेबसाइटवरच्या आरोग्याच्या व्हिडिओंखाली मजकूर अजून नाही. त्यासाठी वेगळी मंजुरी लागते म्हणे. परवा वेबसाइटचं रूप बदललं, नवे रंग आले असं वहिनी म्हणाली, आणि माझा मोबाइल एका बटणावर पुन्हा म्हणाला, "लेबल नसलेलं बटण." मी नागपूरला फोन लावला. ती म्हणाली, हे काम आता दुसऱ्या कंपनीकडं गेलंय. त्यांचा नंबर मी मागून घेतला आहे.